मी पोहोचलो तेव्हा सगळं ठीक होतं: ये-जा करणाऱ्या बिघाडाचा इतिहास

पीएचडीचा विषय काय, असं घरी कुणी विचारलं की मी सरळ सांगतो, "मामांच्या रजिस्टरमधली ती नोंद." घरच्यांना तेवढ्यानं कळतं. तुम्हाला मात्र नीट सांगावं लागेल.

माझे मामा कैनाडहून निघून डहाणू रोड स्टेशन गाठायचे आणि गाडीनं बोईसरला जायचे. तारापूर एमआयडीसीतल्या एका रसायनांच्या कारखान्यात ते कंट्रोल रूममध्ये ऑपरेटर होते. (नाव घेत नाही, घेण्याची गरजही नाही.) आवाराच्या दुसऱ्या टोकाला थंड पाण्याचे पंप होते. पंपांजवळचं पॅनल आणि कंट्रोल रूम यांना जोडणारी दोन तारांची एक केबल. पावसाळ्यात रात्रपाळीला पडद्यावरचे पंपांचे आकडे मधेच गोठायचे. कधी दहा सेकंद, कधी दोन मिनिटं. मग आपोआप सगळं सुरळीत. मामांनी चार-पाच वेळा तोंडी सांगितलं, एकदा लिहूनही दिलं. मेंटेनन्सचा माणूस यायचा, बघायचा, म्हणायचा, "चालू तर आहे."

मग जुलैमधल्या एका रात्री आकडे गोठले ते बराच वेळ गोठलेलेच राहिले. पडद्यावर पंप "चालू" दिसत होता, प्रत्यक्षात बंद पडला होता. बॅच तापली, टाकून द्यावी लागली. कुणाला इजा झाली नाही, हे नशीब. सकाळी तपासणी झाली आणि रजिस्टरमध्ये तीन वाक्यं लिहिली गेली: "रात्री २:४० वाजता पंप बंद. कम्युनिकेशन तपासले, सर्व ठीक. ऑपरेटरचे लक्ष नव्हते." मामांना मेमो मिळाला आणि त्या वर्षीची पगारवाढ गेली.

या नोंदीतलं दुसरं वाक्य खरंच आहे. सकाळी केबल ठीकच होती. गोची आहे ती दुसऱ्या वाक्यावरून तिसऱ्यावर मारलेल्या उडीत. तपासलं तेव्हा दिसलं नाही, म्हणून नव्हतंच, म्हणून माणूस चुकला. माझं संशोधन औद्योगिक नियंत्रण यंत्रणांमधल्या अधूनमधून तुटणाऱ्या संपर्काच्या निदानावर आहे, आणि त्यासाठी जुनं साहित्य चाळताना लक्षात आलं की ही उडी दीडशे वर्षं जुनी आहे. ती मारू नये म्हणून केलेले उपायही तितकेच जुने आहेत. गंमत अशी की यातले काही उपाय आपण मधल्या काळात हातचे घालवले.

सुरुवात तारायंत्रापासून करू. भारतात विल्यम ओ'शॉनेसी यांच्या पुढाकारानं तारा उभ्या राहिल्या आणि १८५५मध्ये तारसेवा सामान्य लोकांना खुली झाली. लोखंडी तार, खांबांवर चिनी मातीचे विरोधक, आणि परतीचा मार्ग म्हणून जमीन. हे सगळं कोरड्या दिवसात छान चालतं. पण आपल्या किनारपट्टीवरचा आषाढ डोळ्यांसमोर आणा. विरोधकावर खाऱ्या हवेचा थर बसतो, वर पाऊस पडतो, आणि प्रत्येक खांबावरून थोडाथोडा प्रवाह जमिनीत झिरपायला लागतो. त्यात वाऱ्यानं हलणारी एखादी फांदी तारेला टेकते आणि सुटते. संदेश अर्धा येतो, थांबतो, पुन्हा येतो. लाइनमन चिखल तुडवत पोहोचेपर्यंत ऊन पडलेलं असतं आणि तार बोलत असते.

त्या काळातल्या विद्युत अभियंत्यांनी बिघाडाची जागा शोधायच्या पद्धती बसवल्या होत्या, आणि त्या वाचताना मला फार मजा आली. मरे यांची लूप चाचणी घ्या. एक चांगली तार आणि एक बिघडलेली तार पलीकडच्या टोकाला जोडायची, अलीकडे व्हीटस्टनचा सेतू लावायचा, काटा शून्यावर आणायचा, आणि रोधांच्या गुणोत्तरावरून बिघाड किती मैलांवर आहे ते काढायचं. या चाचणीचं सौंदर्य असं की जमिनीशी झालेला संपर्क पक्का आहे की कच्चा, याचा गणितावर परिणाम होत नाही. पण संपर्क मुळात हवा! फांदी सुटली की प्रवाहाला वाटच नाही, काटा नुसता पडून राहतो. दुसरी चाचणी ब्लाव्हिए यांची, एकच तार असेल तेव्हाची. हिच्यात पलीकडचं टोक एकदा मोकळं ठेवून आणि एकदा जमिनीला जोडून अशी दोन मापं घ्यायची. इथे गृहीत असं की दोन मापांच्या मधल्या वेळात बिघाड जसाच्या तसा राहिला. पावसात तो राहत नाही.

संशोधनाची तयारी करणाऱ्यांनी इथे जरा थांबावं. आपण एखादी पद्धत निवडतो तेव्हा तिच्या सूत्राबरोबर तिचं गृहीतकही घरी आणतो. मरे आणि ब्लाव्हिए दोघांच्याही पद्धती अचूक होत्या, पण स्थिर बिघाडासाठी. ये-जा करणारा बिघाड या पद्धतींच्या कक्षेतच येत नव्हता.

भारतीय तार खात्यातला उपाय वेगळ्या दिशेचा होता. लुई श्वेंडलर हे जर्मन अभियंते कलकत्त्याला तार खात्यात होते. १८७०च्या दशकात तारमार्गांच्या चाचण्यांसाठीच्या त्यांच्या सूचना पुस्तकरूपात आल्या. (हेच श्वेंडलर अलीपूरच्या प्राणिसंग्रहालयाच्या संस्थापकांपैकी एक. संशोधक माणसाला एकच नाद असावा असा काही नियम नाही.) या परंपरेतली मुख्य गोष्ट म्हणजे बिघाडाची वाट न बघता नेमानं मापं घेणं आणि ती लिहून ठेवणं. तारेचा विरोध आज किती, काल किती होता. एका दिवसाचं माप काहीच सांगत नाही, पण मापांची रांग बोलते. "आज ठीक" आणि "रोज थोडं थोडं ढासळतंय" यांतला फरक फक्त वहीत दिसतो.

आता तारेकडून रुळांकडे. १८६४च्या अखेरीस बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेचा मार्ग गुजरातेतून मुंबईपर्यंत जोडला गेला. आजचं डहाणू रोड स्टेशन याच मार्गावर आहे. रेल्वेला तारवाल्यांपेक्षा कठीण प्रश्न होता. संदेश उशिरा पोहोचला तर व्यापाऱ्याचं नुकसान होतं, पण "पुढे गाडी आहे" हा संदेश पोहोचला नाही तर माणसं मरतात. याचं उत्तर १८७२मध्ये अमेरिकेत विल्यम रॉबिन्सन यांनी पेटंट घेतलेल्या ट्रॅक सर्किटमध्ये आहे. रुळांच्या दोन्ही पट्ट्यांतून सतत सौम्य प्रवाह सोडायचा आणि दुसऱ्या टोकाला त्या प्रवाहावर एक रिले उचलून धरायचा. रिले वर असेल तरच सिग्नल हिरवा. गाडी आली की चाकं आणि आस दोन्ही पट्ट्या जोडतात, प्रवाह मधेच वळतो, रिले पडतो, सिग्नल लाल. आणि खरी हुशारी पुढे आहे. तार तुटली, बॅटरी संपली, रूळ मोडला, तरी रिले पडतोच. म्हणजे संपर्क गेला याचा अर्थ यंत्रणा "धोका" असाच लावते. तिला गप्प बसायची सोयच ठेवलेली नाही.

पावसाळ्यात याचे चटके बसतात. खडी भिजली, त्यात चिखल-कचरा साचला की दोन पट्ट्यांमधला विरोध कमी होतो, प्रवाह खडीतूनच गळतो, आणि गाडी नसताना रिले पडतो. सिग्नल लाल होतो. थोड्या वेळानं पाणी ओसरतं, रिले उचलला जातो, सिग्नलवाला येऊन बघतो तर सगळं ठीक! लोकलमध्ये ताटकळलेले आपण रेल्वेच्या नावानं बोटं मोडतो. पण हिशोब लक्षात घ्या. या रचनेत ये-जा करणारा बिघाड लपत नाही. गाडी थांबते, स्टेशन मास्तर वेळ टिपतो, जाब विचारला जातो. अलीकडच्या दशकांत सिग्नल यंत्रणांना डेटा लॉगर लागले आहेत. कोणता रिले कोणत्या क्षणी पडला आणि उचलला, हे ते माणसाच्या मदतीशिवाय टिपून ठेवतात. बिघाड गेला तरी त्याच्या पावलांचे ठसे राहतात.

याच मार्गावर १९७०च्या दशकात २५ हजार व्होल्टचं एसी विद्युतीकरण आलं तेव्हा एक नवी कटकट उभी राहिली. गाडीला जाणारा प्रवाह डोक्यावरच्या तारेतून वाहतो आणि रुळांतून परततो. त्याच्याशी समांतर, मैलोन्‌मैल, संपर्काची तार असेल तर तिच्यात नको असलेला व्होल्टेज उत्पन्न होतो. हा व्होल्टेज गाडी किती जोर घेते आहे त्यावर अवलंबून! इंजिन दूर गेलं की गोंगाट कमी. म्हणजे बिघाड शब्दशः गाडीत बसून येणार आणि गाडीत बसून जाणार. एसी विद्युतीकरणात खांबांवरच्या उघड्या तारा काढून संपर्क जमिनीखालच्या केबलमध्ये नेतात आणि रिलेही एसीला दाद न देणारे वापरतात, ते यामुळेच. इथे एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. हा त्रास होणार हे आधीच गणितानं माहीत होतं. त्यामुळे "अधूनमधून खरखर येते" अशी तक्रार करणाऱ्याला वेड्यात काढायचं कारण उरलं नाही. कारण समजलेलं असलं की तक्रारदारावर विश्वास ठेवायला कष्ट पडत नाहीत.

कारखान्यांची गोष्ट थोडी निराळी आहे. विजेच्या आधी तिथे दाबाची हवा संदेश न्यायची. टाकीची पातळी, तापमान वगैरे गोष्टी ३ ते १५ पीएसआय दाबात सांगायच्या. शून्य पातळी म्हणजे शून्य दाब नव्हे, ३ पीएसआय. नळी फुटली तर दाब ३च्याही खाली जाणार, आणि "टाकी रिकामी" व "नळी फुटली" यांत गल्लत होणार नाही. पुढे वीज आली तशी हीच युक्ती ४ ते २० मिलिअँपिअरच्या रूपात आली. ४ म्हणजे शून्य माप, ० म्हणजे तार तुटली. याला जिवंत शून्य म्हणतात, आणि हे नाव मला फार आवडतं. शिवाय भिंतीवर गोल कागद फिरत असायचा, त्यावर शाईची पेन रेघ ओढायची. जोडणीचा स्क्रू सैल झाला की पेन क्षणभर खाली आपटायची आणि परत वर यायची. रात्रपाळीचा माणूस डुलकी घेत असो की जागा असो, सकाळी कागदावर तो दात दिसायचा.

मग संगणक आले. १९६९च्या सुमारास डिक मॉर्ली आणि सहकाऱ्यांचा मॉडिकॉन ०८४ हा पीएलसी आला. १९७९मध्ये मॉडिकॉननं मॉडबस प्रसिद्ध केला, १९८३मध्ये आरएस-४८५ हे विद्युत मानक आलं. एकाच जोडतारेवर तीस-बत्तीस उपकरणं, शेकडो मापं, खर्च कितीतरी कमी. मॉडबस आजही बोईसरपासून बर्लिनपर्यंत चालतो, इतका तो साधा आणि टिकाऊ आहे. मी त्याच्या विरोधात नाही. पण निदानाच्या दृष्टीनं काय बदललं ते बघा.

मॉडबसमध्ये एक विचारणारा आणि बाकीचे उत्तर देणारे असतात. प्रत्येक संदेशाच्या शेवटी १६ बिटांची पडताळणी असते. संदेश वाटेत बिघडला आणि पडताळणी जुळली नाही तर उत्तर देणारा गप्प बसतो. नियमच तसा आहे. आता विचारणाऱ्याच्या बाजूनं बघा. तार तुटली तर शांतता. समोरचं उपकरण बंद पडलं तरी शांतता. पत्ता चुकला तरी शांतता. मोटर सुरू होताना झालेल्या गोंगाटानं संदेश खराब झाला तरी तीच शांतता. तारायंत्राच्या काळात निदान काटा तरी वेगवेगळा हलायचा! विचारणारा ठरावीक वेळ वाट बघतो, पुन्हा विचारतो, बहुधा तिसऱ्यांदाही विचारतो. दुसऱ्या खेपेला उत्तर मिळालं तर पहिल्या अपयशाची नोंद पुष्कळ ठिकाणी होतच नाही. म्हणजे यंत्रणा आजारी पडत चालली आहे हे सांगणारी मापांची रांगच पुसली जाते. आणि अगदीच उत्तर आलं नाही तर काही पडदे शेवटचा आकडा तसाच दाखवत राहतात. पेन खाली आपटत नाही. आकडा गोठतो. मामांच्या पडद्यावर झालं ते हेच.

बिघाडाची कारणं मात्र जुनीच. आरएस-४८५च्या दोन तारांमधला फरक वाचला जातो, त्यामुळे गोंगाट बऱ्याच अंशी कापला जातो, पण दोन टोकांच्या जमिनींमधल्या फरकाला मर्यादा आहे. उणे ७ ते अधिक १२ व्होल्ट इतकीच सहनशक्ती. आवाराच्या दोन टोकांची अर्थिंग वेगळी असेल, एखादी मोठी मोटर सुरू झाली, वीज कडाडली, की ही मर्यादा ओलांडली जाते आणि काही क्षणांत पुन्हा सगळं आत येतं. केबलच्या टोकांना १२० ओहमचे रोध नसतील तर लहरी परतून येतात. जंक्शन बॉक्समध्ये पाणी जातं, टर्मिनलचा स्क्रू थरथरीनं सैल होतो. श्वेंडलर यांना बोईसरच्या पावसाळ्यात आणून उभं केलं असतं तर त्यांना काही फार नवल वाटलं नसतं.

इथे थोडं गणित. समजा हजारात एक संदेश खराब होतो. या चुका एकमेकांपासून स्वतंत्र असतील तर सलग तीन वेळा अपयश येण्याची शक्यता एक अब्जात एक. दर सेकंदाला एकदा विचारत असाल तर एक अब्ज सेकंद म्हणजे जवळजवळ ३२ वर्षं. म्हणजे तीनदा विचारणं पुरेसं आहे, काळजी नको. असं कागदावर. पण चुका अशा पसरून येत नाहीत, झुंडीनं येतात. बेल लॅब्जच्या एडगर गिल्बर्ट यांनी १९६०मध्ये यासाठी साधं प्रारूप मांडलं. मार्गाच्या दोन अवस्था, चांगली आणि वाईट, आणि तो एकीतून दुसरीत जात-येत राहतो. एलियट यांनी १९६३मध्ये ते पुढे नेलं. त्याच वर्षी बर्जर आणि मँडेलब्रॉट यांनी टेलिफोनच्या तारांवरच्या चुकांबद्दल लिहिलं की झुंडीच्या आतही पुन्हा लहान झुंडी दिसतात. वाईट अवस्था दोन मिनिटं टिकली तर तीनदा काय, तीसदा विचारूनही उपयोग नाही. वर्षभराची सरासरी उत्तम आणि ती एक रात्र भयानक, हे दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. सरासरीवर बोट ठेवून ऑपरेटरला खोटं पाडणं म्हणून चूक आहे.

ही उडी फक्त लहान कारखान्यांत मारली जाते असं नाही. १४ ऑगस्ट २००३ला अमेरिकेच्या ईशान्य भागात आणि कॅनडात पाच कोटी लोकांची वीज गेली. त्या दिवशी दुपारी सव्वादोनच्या सुमारास ओहायोतल्या फर्स्टएनर्जी कंपनीच्या नियंत्रण कक्षातली धोक्याच्या सूचना देणारी आज्ञावली मुकाट बंद पडली. पडदा तसाच होता, नवी सूचना येत नव्हती. सूचना नाही म्हणजे सगळं ठीक, असं कक्षातल्यांनी धरलं. त्यांनी काय धरायला हवं होतं? त्या यंत्रणेत जिवंत शून्य नव्हता. दोन प्रक्रियांनी एकाच वेळी एकाच माहितीला हात घातला तर होणारा तो दोष होता, आणि ती वेळ मिलिसेकंदांत मोजण्याइतकी. लाखो ओळी आठवडेच्या आठवडे चाळून, यंत्रणा मुद्दाम मंद करून बघितल्यावर तो पुन्हा उभा करता आला. चौकशी करणाऱ्यांना आणखी एक डोकेदुखी झाली. ठिकठिकाणच्या नोंदींची घड्याळं जुळत नव्हती, त्यामुळे आधी काय घडलं आणि नंतर काय, हे लावण्यातच बराच काळ गेला. अहवालानं शिफारस केली की नोंदयंत्रांची वेळ एकसमान असावी.

दुसरं उदाहरण १९ ऑगस्ट २००६चं, अमेरिकेतल्या ब्राउन्स फेरी अणुवीज केंद्राचं. (तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्यांप्रमाणेच तिथल्या भट्ट्याही जनरल इलेक्ट्रिकच्या उकळत्या पाण्याच्या प्रकारातल्या.) तिसऱ्या युनिटमधल्या नियंत्रण जाळ्यावर संदेशांचा पूर आला, पाणी फिरवणाऱ्या पंपांचे नियंत्रक प्रतिसाद देईनासे झाले, दोन्ही पंप बंद पडले, आणि ऑपरेटरांनी भट्टी हातानं बंद केली. एका पीएलसीच्या बिघाडामुळे पूर आला, की दुसरीकडून आलेल्या पुरामुळे पीएलसी आणि पंप दोन्ही कोलमडले, हे केंद्राला निर्णायकपणे सांगता आलं नाही, असं अमेरिकी नियामकानं २००७च्या माहितीपत्रात नोंदवलं आहे. मला हे माहितीपत्र आदर्श वाटतं. "कळलं नाही" असं त्यात सरळ लिहिलं आहे, आणि रिकाम्या जागेत कुणाचं नाव भरलेलं नाही.

घड्याळाच्या बाबतीत एका मराठी नावाचा उल्लेख इथे करायलाच हवा. ग्वाल्हेरला जन्मलेले, आयआयटी खरगपूरला शिकलेले अरुण फडके. १९८०च्या दशकात व्हर्जिनिया टेकमध्ये जेम्स थॉर्प यांच्याबरोबर त्यांनी फेझर मापन यंत्र घडवलं. शेकडो मैल दूर असलेल्या दोन उपकेंद्रांतल्या व्होल्टेजच्या कोनांची तुलना करायची, तर दोन्ही मापं एकाच क्षणाची हवीत. त्यांनी हा क्षण जीपीएस उपग्रहांच्या घड्याळावरून घेतला. आपल्या ५० हर्ट्झच्या विजेत एका मायक्रोसेकंदाची चूक म्हणजे कोनात ०.०१८ अंशांची चूक, म्हणजे जवळजवळ काहीच नाही. २००८मध्ये दोघांना बेंजामिन फ्रँकलिन पदक मिळालं. भारतात ३० आणि ३१ जुलै २०१२ला उत्तरेची ग्रिड कोसळली, त्यानंतर अशी यंत्रं बसवण्याला वेग आला. फडक्यांचं काम मुळात वीजजाळ्यासाठी. पण मी त्याच्याकडे इतिहासाच्या अंगानं बघतो. श्वेंडलरच्या वहीत तारीख होती, स्टेशन मास्तरच्या वहीत मिनिट होतं, आणि इथे मायक्रोसेकंद आला, तोही सगळ्यांचा एकच.

मुंबईकरांना १२ ऑक्टोबर २०२०चा सोमवार आठवत असेल. सकाळी दहाच्या सुमारास शहराची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. त्या वेळी अदानी इलेक्ट्रिसिटीनं कळवलं होतं की डहाणूच्या वीज केंद्रातून मुंबईच्या अत्यावश्यक सेवांना सुमारे ३८५ मेगावॉट पुरवली जाते आहे. आमच्या गावाजवळच्या केंद्राचं नाव त्या दिवशी बातम्यांत ऐकताना मला उगाचच कॉलर ताठ झाल्यासारखं वाटलं. खरी लढाई नंतर झाली. मार्च २०२१मध्ये राज्याचे तत्कालीन गृहमंत्री अनिल देशमुख यांनी सायबर विभागाच्या प्राथमिक अहवालाच्या आधारे घातपाताची शक्यता बोलून दाखवली. तत्कालीन केंद्रीय ऊर्जामंत्री आर. के. सिंह यांनी, ही मानवी चूक होती, सायबर हल्ल्याचा पुरावा नाही, असं सांगितलं. कोण बरोबर, हा निवाडा मी इथे करणार नाही. पण दोन्ही बाजूंचे शब्द ऐका. एकीकडे अदृश्य शत्रू, दुसरीकडे चुकलेला माणूस. सर्व्हरमध्ये संशयास्पद आज्ञावली सापडणं आणि तिनं त्या मिनिटाला वीज पाडणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांना जोडायला एकाच घड्याळावरच्या नोंदी लागतात. तशा नोंदी समोर ठेवल्या नाहीत की वाद माणसांच्या प्रामाणिकपणावर जातो.

गेल्या दिवाळीत मामांनी मला एक खिशातली डायरी दिली. रजिस्टरवर विश्वास उरला नाही तेव्हापासून ते स्वतःच नोंदी ठेवत होते. प्रत्येक वेळी आकडे गोठले की तारीख, वेळ, किती सेकंद, बाहेर पाऊस आहे की नाही. काही ओळींपुढे "कॉम्प्रेसर" एवढाच शब्द. रात्रीच्या शांततेत शेजारच्या विभागातला मोठा कॉम्प्रेसर सुरू झाल्याचा आवाज त्यांना ऐकू यायचा. मी विचारलं, "मामा, वेळ कुठल्या घड्याळावरून लिहायचात?" ते म्हणाले, "अरे, पॅनलचं घड्याळ मागे होतं आणि भिंतीवरचं पुढे. मी मनगटावरचं बघायचो. ते रोज आकाशवाणीच्या बातम्यांना लावायचो."

कॉम्प्रेसरच्या लॉगशीट मिळाल्या तर दोन्ही शेजारी ठेवून बघता येईल, म्हणून मी चौकशी केली. त्या केव्हाच रद्दीत गेल्या होत्या, पॅनलही भंगारात. त्यामुळे प्रबंधात या डायरीवरून मी कोणताही निष्कर्ष काढलेला नाही. परिशिष्टात ती जशीच्या तशी टंकून जोडली आहे. मसुदा मामांना वाचायला दिला तेव्हा त्यांनी चष्मा लावून सगळी पानं तपासली आणि एकच दुरुस्ती सांगितली. त्या रात्रीची वेळ मी रजिस्टरवरून २:४० लिहिली होती. त्यांच्या डायरीत २:५१ आहे.